आश्रमातले माणूस आणि वेळेवरचा उपचार



वसंतात व्याख्याने ठेवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली ती घातली, आणि पुढे गावोगावच्या लोकांनी ती उचलली. अशा मांडवात एरवी इतिहास, वाङ्मय, अध्यात्म यांचे विद्वान बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कराराचे मसुदे वाचता वाचता आणि कामगारांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून शिकलो. म्हणून आजचा विषय त्या बाकांवरचाच आहे. आपले एखादे वयोवृद्ध माणूस वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहत असेल, तर त्याला दुखले-खुपले असता वेळेवर उपचार मिळावा म्हणून त्याची वकिली कोणी करायची, आणि कशी?

हा विषय कामगार चळवळीबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. तळोज्याच्या आणि पाताळगंगेच्या कारखान्यांतला पन्नाशीचा कामगार आमच्याकडे पगाराची तक्रार घेऊन येतो. ती लिहून झाली की तो जरा घुटमळतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, आईला आश्रमात ठेवली आहे. परवा ती पडली. आम्हांला तिसऱ्या दिवशी कळले." ही दुसरी तक्रार घ्यायला त्याला खिडकी नाही.

आश्रमात ठेवणे चांगले की वाईट, या वादात आम्ही शिरणार नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे देशात १० कोटी ३८ लाख भरली. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. मुले मुंबईत, परदेशात किंवा पाळीच्या नोकरीत; घरात दिवसभर कोणी नाही. महाराष्ट्र सरकारनेही १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. आपल्या पनवेल तालुक्यात तर मुंबई जवळ, हवा बरी, म्हणून अशी घरे बरीच उभी राहिली. नेऱ्याचे शांतिवन मुळात कुष्ठरोग्यांसाठी निघाले, आणि तिथे वृद्धांनाही आसरा मिळाला. तेव्हा आश्रम आहेत आणि राहणार. प्रश्न एवढाच, की तिथल्या माणसाचे दुखणे आणि डॉक्टर यांच्यामध्ये किती तास जातात?

तासांचा हिशेब का महत्त्वाचा, ते सांगण्यापूर्वी आपल्या शेजारचेच एक उदाहरण देतो. कर्नाळ्याच्या खिंडीकडून पनवेलकडे जाताना शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली त्याच गावी झाला. त्यांच्या घराण्याचा कर्नाळा किल्ल्याशी संबंध होता, हे आपणांस आम्ही सांगायला नको. पण त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग आम्ही कामगारांच्या सभेत नेहमी सांगतो. फडके पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. घरून आई आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आईने डोळे मिटलेले होते. पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरणारी आगगाडी १८६३ पासून धावत होती. वाट खुली होती, वाहन होते, मुलाची इच्छा होती. अडले ते एका सहीवर. त्या माणसाच्या मनात परसत्तेविषयी जो अंगार पेटला त्यात ही आच होती, असे त्यांचे चरित्र सांगते. फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. पुढचा इतिहास मोठा आहे. पण सही अडल्यामुळे आईपर्यंत न पोहोचलेला मुलगा आजही आमच्या कचेरीत येतो. आता फक्त सह्या वाढल्या आहेत.

म्हाताऱ्या माणसाच्या शरीराचे घड्याळ तरुणापेक्षा वेगळे चालते. आम्ही डॉक्टर नाही, पण डॉक्टरांनी जे वारंवार समजावून सांगितले ते सांगतो. अर्धांगाचा झटका आला, म्हणजे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, तर मेंदूतली गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही जितके आधी तितके गुणकारी. खुब्याचे हाड मोडले तर ३६ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी असा अस्थिरोगतज्ज्ञांचा आग्रह असतो. कारण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या छातीत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. मोडलेले हाड माणसाला मारीत नाही. पडून राहणे मारते.

याहून फसवी गोष्ट अशी, की म्हातारपणी आजार आपले नेहमीचे रूप घेऊन येत नाही. हृदयविकार छातीत न दुखता येतो. नुसता दम लागतो किंवा मळमळते. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग ताप न आणता येतो. काल नीट बोलणारी बाई आज एकाएकी बरळू लागते, आपल्याच मुलीला ओळखत नाही. मग भोवतालचे म्हणतात, "वय झाले, भ्रमिष्टपणा आला." भ्रमिष्टपणा महिनोन्‌महिने सावकाश येतो, एका रात्रीत आलेला भ्रम हे बहुतेक वेळा शरीरातल्या दुखण्याचे लक्षण असते. साखरेचे औषध चालू असलेल्या माणसाची साखर एकदम उतरली तरी असेच होते, आणि तिथे तर मिनिटे मोजावी लागतात. "वय झाले" हे निदान नव्हे. ते शब्द ऐकू आले की आपण सावध व्हावे.

आता हा उशीर कुठे आणि कसा होतो? आमच्या घरातलीच हकिकत सांगतो. आमची थोरली मावशी विधवा, पोटी मूलबाळ नाही. एक्याऐंशीव्या वर्षी ती स्वतःच्या मर्जीने एका आश्रमात राहायला गेली. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; कारण दोष नावाचा नाही, व्यवस्थेचा आहे. एका शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास न्हाणीघरात जाताना ती घसरून पडली. रात्रपाळीला एकच बाई होती. तिने मावशीला उचलून खाटेवर निजविले, मलम चोळले आणि सकाळची वाट पाहिली, कारण चालकांना रात्री उठवायचे नाही अशी तिला ताकीद होती. सकाळी सातला तिने चालकांना सांगितले. त्यांनी ठरविले की दर रविवारी डॉक्टर येतात, ते पाहतील. डॉक्टर रविवारी दहाला आले, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला पाहून म्हणाले, ताबडतोब इस्पितळात न्या. मग नातेवाइकांचा फोन शोधायचा. कागद कपाटात, कपाटाची किल्ली चालकांपाशी, आणि चालक एका लग्नाला गेलेले. आम्हांला दुपारी तीनला कळले.

आम्ही हिशेब मांडला. रात्रपाळीचे नऊ तास, डॉक्टरांच्या फेरीचे सत्तावीस, किल्लीचे पाच. एकूण एकेचाळीस. पुढे इस्पितळातल्या पैशांच्या आणि सह्यांच्या बोलण्यात आणखी एक दिवस गेला. शस्त्रक्रिया सोमवारी संध्याकाळी झाली. मावशी वाचली. चौकट धरून खिडकीपर्यंत जाते. पण रोज सकाळी देवळापर्यंत जाणारी ती बाई पुन्हा देवळापर्यंत गेली नाही.

या हकिकतीत दुष्ट कोण? आम्ही पुष्कळ शोधला, सापडला नाही. रात्रपाळीची बाई मायाळू होती, चालक सज्जन, डॉक्टर हुशार. परंतु प्रत्येक जण दुसऱ्याच्या हुकमाची वाट पाहत होता, आणि हुकूम देण्याचा अधिकार त्या वेळी जिथे हवा तिथे कोणालाच नव्हता. कारखान्यात यंत्रावर हात अडकला तर यंत्र बंद करायला फोरमनची परवानगी लागत नाही. लाल बटण असते. शेजारी उभा असलेला कोणीही ते दाबतो. वृद्धाश्रमात हे लाल बटण नसते. ते बसवून घेणे हीच आपली वकिली.

ही वकिली करताना कायदा आपल्या बाजूला कितपत उभा आहे? आपण समजतो त्यापेक्षा अधिक. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, कर्तव्य आहे. दुसरा निकाल आम्हां संघटनावाल्यांना विशेष जवळचा. १९९२ च्या जुलैत बंगालमधला एक शेतमजूर आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला खाट नाही, यंत्र नाही म्हणून परत लावले. अखेर खाजगी इस्पितळात पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. तो एकटा असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सभासद होता. समितीने त्याची बाजू घेऊन थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ च्या मे महिन्यात निकाल लागला: सरकारी इस्पितळाने गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणे हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. रक्कम लहान, पण "वेळेवर" हा शब्द तेव्हापासून घटनेच्या एकविसाव्या कलमात वाचला जातो, आणि तो तिथे एका मजूर संघटनेने बसविला.

वृद्धांसाठी स्वतंत्र कायदा २००७ साली झाला, आणि महाराष्ट्रात तो २००९ च्या मार्चपासून लागू झाला. त्यात "निर्वाह" या शब्दाची व्याख्या नुसत्या अन्नवस्त्रावर थांबत नाही. औषधोपचारही त्यात धरला आहे. मुलांवर तर ही जबाबदारी आहेच. पण मूलबाळ नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा पुढे वारशाने येणार आहे, त्या नातलगावरही ती आहे. सरकारी इस्पितळांत वृद्धांसाठी वेगळी रांग असावी आणि शक्य तोवर खाट मिळावी, असेही तो कायदा म्हणतो. त्याच्या खालचे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर बसते. ज्याला स्वतः अर्ज करवत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याला किंवा संस्थेला करता येतो.

त्या कायद्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. आश्रमांची सक्तीने नोंदणी व्हावी आणि तिथल्या सोयींचे किमान प्रमाण ठरावे, यासाठी २०१९ साली एक दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. त्या लोकसभेची मुदत २०२४ साली संपली, तरी ते मंजूर झाले नाही. म्हणून आश्रमात पाय ठेवताना आपणच करार नीट करून घेणे भाग आहे.

पैशाचे काय, हा प्रश्न आपल्या चेहऱ्यांवर दिसतो आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पुरी केलेल्या प्रत्येकाला, मग तो गरीब असो वा श्रीमंत, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांचे कार्ड मिळते. ते आजारी पडल्यावर काढायचे कागद नव्हे. आजच काढून उशाशी ठेवायचा आहे. धर्मादाय इस्पितळांतल्या दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याची, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेवाचून दाखल करून घेण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. कामगार राज्य विमा योजनेत कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार आहेत; आणि किमान पाच वर्षे विमेकरी राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे व पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. पत्नी कामगार असेल तर पतीचे. किती निवृत्त कामगार हे १२० रुपये भरतात? आम्ही सभेत हात वर करायला सांगतो तेव्हा दोनचार हात वर येतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. युनियनचा अनुभव असा, की संपाच्या दिवशी कलमे लिहीत बसता येत नाही. ती शांततेच्या दिवसांत लिहावी लागतात. तसाच एक कागद आश्रमाशी करावा. मोठा नको, एका पानाचा. मावशीच्या दुखण्यानंतर आम्ही तो केला, आणि नंतर बऱ्याच सभासदांना करून दिला. त्यात काय असावे?

पहिले, लक्षणांची यादी: पडणे आणि उभे राहता न येणे, तोंड वाकडे होणे, एकाएकी बरळणे, दम लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, रक्त जाणे. यांपैकी काही झाले तर पाळीवर जो कोणी असेल त्याने कोणाला न विचारता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि मग चालकांना व नातेवाइकांना कळवावे. क्रम उलटा नको. दुसरे, इस्पितळाचे नाव: दिवसाचे कोणते, रात्रीचे कोणते, हे आधी जाऊन विचारून ठरवावे. तिसरे, दोन नातेवाइकांचे फोन, आणि ते कपाटात नव्हे, भिंतीवर. चौथे, चालू औषधांची आणि कशाची बाधा होते त्याची यादी, कार्डाच्या प्रतीसह, खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या पिशवीत. माणूस जाईल तिथे पिशवी जाईल. पाचवे, सुरुवातीच्या खर्चासाठी थोडी रक्कम आश्रमाकडे वेगळी ठेवावी आणि तिची पावती घ्यावी. सहावे, वजन, जेवण, शौच, पाठीची कातडी यांची रोजची नोंद. नातेवाईक भेटीला गेले की त्यांनी पेढ्यांचा पुडा ठेवण्यापूर्वी ही वही वाचावी.

सातवे कलम सहीचे. "मुलगा आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही," हे वाक्य आपण ऐकले असेल. शुद्धीवर असलेल्या वृद्धाची संमती त्याची स्वतःचीच असते, मुलाची नव्हे. म्हातारा झाला म्हणून माणूस अज्ञान होत नाही. आणि तो शुद्धीवर नसेल व जीव धोक्यात असेल, तर जीव वाचविण्यापुरत्या उपचाराला डॉक्टरने सहीसाठी थांबण्याचे कारण नाही. हे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या निकालात मांडले आहे.

कोणी विचारील, उठल्यासुटल्या म्हाताऱ्यांना इस्पितळात न्यायचे काय? नळ्यांत गुंतून मरणे का कोणाला हवे असते? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर त्या माणसालाच विचारावे, आणि ते धडधाकट असताना विचारावे. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. स्वतः विचारपूर्वक उपचार नाकारणे ही एक गोष्ट. किल्ली सापडली नाही म्हणून उपचार न मिळणे ही अगदी दुसरी. पहिलीला शांती म्हणतात. दुसरीला ते नाव देऊन आपण आपली सुटका करून घेऊ नये.

वकिली करताना आवाज कसा असावा, याबद्दलही दोन शब्द. रात्रपाळीच्या बाईवर ओरडणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. ती बाईही कामगार आहे. कित्येक ठिकाणी ती बारा-बारा तास राबते, एकटीने पुष्कळ माणसे पाहते आणि नोकरी जाईल म्हणून फोन उचलायला भिते. तिच्यावर आपण ओरडलो तर ती पुढच्या वेळी खरे सांगणार नाही, लपवील. तिला आठ तासांची पाळी, रीतसर वेतन, प्रथमोपचाराचे शिक्षण आणि १०८ बोलावण्याचा लेखी अधिकार मिळवून देणे, हे आपल्या आईवरचेच उपकार आहेत. चालकांशी बोलावे ते शांतपणे, तारीख-वेळ घालून लिहावे आणि पोच घ्यावी. इस्पितळाचे कागद मागितले की ७२ तासांत द्यावेत असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. ते मागून ठेवावेत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी सल्ला देते. पण ती दिवसाची सोय, रात्रीच्या अपघाताला १०८च. एकटेदुकटे नातेवाईक थकतात. म्हणून एका आश्रमातल्या सर्वांच्या नातेवाइकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. ज्यांना कोणीच नाही त्यांची पिशवीही त्यांनीच भरावी. एवढे झाले की तुमची युनियन झाली. आम्हांला बोलावण्याचीही गरज नाही.

शेवटचा मुद्दा रजेचा. कामगार स्वतः आजारी पडला तर विमा योजनेतून त्याला भत्ता आहे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा १९४८ च्या कारखाने कायद्याने दिली, आणि नव्या संहितेतही प्रमाण तेच आहे. पण आईच्या आजारासाठी म्हणून हक्काची वेगळी रजा खाजगी कारखान्यातल्या कामगाराला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ सालीच शिफारस केली, की घरातल्या आजारी माणसाच्या सेवेसाठी कामगाराला रजा मिळावी. जपानमध्ये अशा प्रत्येक माणसामागे ९३ दिवसांपर्यंत रजेचा कायदा आहे. आपण ९३ दिवस मागत नाही. आम्ही आमच्या भागातल्या करारांत वर्षाला सात दिवस मागतो आहोत, आणि त्यातही एक शब्द महत्त्वाचा धरतो: पूर्वपरवानगीवाचून. आधी जावे, मागून कळवावे. मालक विचारतात, लोक खोटे बोलतील. थोडे बोलतीलही. पण थोड्या खोट्यांच्या भीतीने खऱ्या मुलाला फाटकावर अडविण्याचा परिणाम काय होतो, तो शिरढोणच्या लोकांना ठाऊक आहे.

येथून खाली ताऱ्याला युसुफ मेहेरअली केंद्र आहे. ज्यांनी ते उभे केले ते डॉ. जी. जी. पारीख २०२५ च्या ऑक्टोबरात शंभर वर्षांचे होऊन गेले. डॉक्टरी आणि चळवळ ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. आम्हीही एवढेच मागतो, की उपचार हा दयेचा नव्हे, हिशेबाचा विषय व्हावा.

तेव्हा आज येथून उठल्यावर घरी जाऊन एक काम करावे. आपले जे माणूस आश्रमात आहे, किंवा गावी एकटे आहे, त्याला फोन करून विचारावे: रात्री दोन वाजता तू पडलास, तर पहिला फोन कोण करील? त्याला उत्तर देता आले नाही, तर येत्या रविवारी कोरा कागद आणि पेन घेऊन तिकडे जावे.